न्याहारी मॉरिशसच्या रस्त्यावरची

परदेश सहलींच्या जाहिराती तुम्हीही वाचत असालच. वर बर्फाचे डोंगर नाहीतर निळा समुद्र, आणि खाली चौकटीत ठळक अक्षरांत : ‘सोबत महाराष्ट्रीय आचारी. रोज सकाळी गरमागरम पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी.’ ही चौकट वाचली की घरची मंडळी निर्धास्त होतात. माझ्या मनात मात्र दर वेळी येते, की चौदा वर्षे रोज पहाटे पाचला उठून पोहे परतणाऱ्या बाईने लाखभर रुपये मोजून समुद्र ओलांडायचा, तो पुन्हा पोहेच खायला?

पथ्यपाणी असलेल्या, वयस्क मंडळींचे वेगळे. त्यांना त्या आचाऱ्याचा आधार वाटतो आणि वाटावाही. पण धडधाकट बाईने परक्या गावी गेल्यावर सकाळी लवकर उठावे, पायात चपला घालाव्यात आणि रस्त्यावर जाऊन बघावे, की इथली माणसे कामावर जाताना काय खातात. संग्रहालये नऊ-दहाला उघडतात, न्याहारीची गाडी सहालाच लागलेली असते. दुपारच्या नि रात्रीच्या जेवणात पाहुण्यांसाठी काही थाट केलेला असतो. न्याहारीत तो करायला कुणाला वेळच नसतो, म्हणून ती खरी.

आम्ही राहतो कुरुळीला. पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी मागे पडली की चाकणच्या अलीकडे आमचे गाव, तालुका खेड. लग्न होऊन आले तेव्हा घराच्या मागच्या दाराशी कांद्याचे वावर होते, आता तिथे गोदामाची भिंत आहे. आमचे हे चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर असतात. मी बी. ए. आहे; मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर मीही एका शाळेत अर्धवेळ शिकवू लागले. माझी मोठी जाऊ, त्यांना मी ताई म्हणते, दोन म्हशी आणि दुधाचा रतीब सांभाळतात. आळंदी हाकेच्या अंतरावर. घरात वारी आहे आणि ताईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. दोघींनी एकाच भिशीत पैसे घातले होते. माझा नंबर लागला, पुढच्या महिन्यात त्यांचा लागला, आणि ताईच म्हणाल्या, “फ्रीज पुढच्या वर्षी घेऊ. कुठंतरी जाऊन येऊ या गं.”

घरात जे व्हायचे ते झाले. नवऱ्यांना काळजी तिकिटांची, सासूबाईंना काळजी वेगळीच. “दोघी बायका, ना भाषा ना वळख. खाणार काय तिथं? हिच्या गळ्यात माळ हाय, ध्यानात ठिव.” त्यांचे चुकीचे नव्हते. माळकरी बाईला परदेशात खायचे काय मिळणार, हा चेष्टेचा प्रश्न नाही. ताईंनी तर ठरवूनच टाकले होते, की काहीच नाही मिळाले तर लाडू आणि केळ्यांवर सात दिवस काढायचे.

मॉरिशसच का, तर एक म्हणजे भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चाचे पैसे दाखवले की विमानतळावर विनामूल्य शिक्का मिळतो. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तासांचे. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आणि दुसरे म्हणजे तिथे मराठी माणसे आहेत हे मी वर्गात शिकवताना अनेकदा सांगितले होते. पाहिली नव्हती.

२०२४ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, आम्ही गेलो. तिकडे तेव्हा थंडीची चाहूल असते, सकाळी शाल बरी वाटते. समुद्रकाठची हॉटेले आमच्या आवाक्याबाहेर होती. आम्ही रोझ हिल नावाच्या मधल्या गावात एका घरगुती ठिकाणी खोली घेतली. न्याहारी मुद्दाम घेतली नाही. ‘फक्त खोली’ असे सांगितले की पैसे बरेच कमी पडतात. रोझ हिल हे नोकरदारांचे गाव. तिथून राजधानी पोर्ट लुईला मेट्रो जाते. ही मेट्रो भारताच्या मदतीतून आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली, २०२० च्या जानेवारीत रोझ हिलपर्यंत सुरू झाली. ताईंना मेट्रोपेक्षा तिथल्या नोटेचे कौतुक जास्त. नोटेवर इंग्रजी आणि तमिळबरोबर देवनागरीतही आकडा लिहिलेला असतो. “अगं, वाचता येतंय की!” म्हणून त्यांनी ती नोट कितीतरी वेळ खर्चच केली नाही.

पहिल्या सकाळी साडेसहाला बाहेर पडलो. कोपऱ्यावर एक माणूस मोटारसायकल लावून उभा, मागच्या बाजूला पत्र्याची नि काचेची पेटी बांधलेली, आणि त्याच्यापुढे दहा-बाराजण. शाळेच्या गणवेशातली मुले, बँकेत जाणारी वाटावी अशी साडीतली बाई, बांधकामावरचे दोघे. बोलणे फारसे नाही. प्रत्येकजण दोनच शब्द म्हणायचा, “एन पेर.” पेटीतून दोन पातळ पिवळसर पोळ्या निघायच्या, त्यांवर डावभर वालासारखी उसळ, डावभर टोमॅटोचे दाट कालवण, जरा लोणचे, चमच्याच्या टोकावर हिरवी चटणी. गुंडाळी करून पातळ कागदात. एका जोडीला दहा-पंधरा सेकंदांहून जास्त लागत नव्हते. आम्हीही म्हटले, एन पेर. एन पेर म्हणजे एक जोडी. ही एकेकटी विकतच नाहीत, मागणी नेहमी जोडीचीच. आम्ही गेलो तेव्हा जोडीला वीस-पंचवीस मॉरिशियन रुपये पडत. तिथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात धरा.

ताईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, पोळी उलगडून आत पाहिले, आणि भर रस्त्यात म्हणाल्या, “अगं, ही तर पुरणपोळी! गूळ घालायचा विसरली वाटतं बाई.”

डाळपुरी ती. तिथे ‘धोलपुरी’सारखा काहीसा उच्चार करतात. हरभऱ्याच्या नाहीतर पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण, पण कोरडे, भुरभुरीत, जिऱ्याच्या वासाचे. वरची पारी इतकी मऊ, की घास तोडताना दात लावावे लागत नाहीत. आपण पुरणपोळी सणाला करतो. पुरण वाटण्यापासून पोळी उलटण्यापर्यंत जीव मुठीत. आणि इथे एक माणूस मोटारसायकलवर घालून रोज सकाळी शेकड्यांनी विकतो! ताईंना याचाच राग आला. दुसरी जोडी मात्र त्यांनीच मागितली.

आता ही आली कुठून ते सांगायला हवे. १८३५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले, आणि १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाखांहून अधिक माणसे करारावर हिंदुस्थानातून तिथे नेली गेली. सर्वांत जास्त बिहार आणि आजूबाजूच्या भोजपुरी मुलखातली. पुष्कळशी मद्रासकडची. आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली, विशेषतः कोकणातली. कराराच्या शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ, तेल-तूप असायचे. डाळपुरी ही बिहारची. तिथे ती आजही सणावाराला करतात.

पोर्ट लुईला समुद्रालगत आप्रवासी घाट आहे. मजुरांना उतरवून घेण्यासाठी १८४९ मध्ये बांधायला घेतलेल्या जागेपैकी थोडे बांधकाम उरले आहे. २००६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. बोटीतून उतरून माणसे ज्या दगडी पायऱ्या चढली, त्या सोळा पायऱ्या जपून ठेवल्या आहेत. जुने नाव कुली घाट. आम्ही डाळपुरी खाऊन नऊच्या सुमारास तिथे पोचलो होतो. ताई पायऱ्यांपाशी वाकल्या आणि हात लावून तो कपाळाला लावला. तिथल्या पहारेकऱ्याला त्यात काही नवल वाटले नाही, बरेचजण तसे करत असावेत.

दुसऱ्या सकाळी आम्ही राजधानीच्या सेंट्रल मार्केटला गेलो. भाजीबाजारात बायकांनी जावेच. कारण तिथे भाषा लागत नाही, आणि थोडी लागली तर हसू येते. क्रेओल ही त्यांची बोली, बरीचशी फ्रेंचवरून आलेली. पण भाज्यांची नावे सगळीकडून गोळा केलेली. कोथिंबिरीला ‘कोतोमिली’, तमिळ बायकांनी दिलेले. शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरुम’. हळदीला ते ‘साफ्रान’ म्हणतात! एका दुकानात केशर इतके स्वस्त कसे, म्हणून ताई पुडीभोवती घिरट्या घालत होत्या. मी वास घेऊन पाहिला, आपली हळद.

याच बाजारात दुसरी न्याहारी भेटली. ‘गातो पिमा’ हे नाव. गातो म्हणजे केक, पिमा म्हणजे मिरची, म्हणजे मिरचीचा केक! प्रत्यक्षात डाळवडा. डाळ भिजवून भरडसर वाटायची, हिरवी मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर घालून लिंबाएवढे गोळे तळायचे. तिथली माणसे ती गरम भजी लोणी लावलेल्या पावात घालून खातात. पाव फ्रेंचांचा, वडा हिंदुस्थानचा. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या पावात बटाटेवडा गेला, तसेच. चाकणच्या चौकात पाळी सुटल्यावर वडापावच्या गाडीपाशी जी घाई दिसते, तीच घाई, तीच खांद्याला अडकवलेली पिशवी, तेच एका हाताने खाणे. मला वाटते, कामगाराची न्याहारी कुठेही दोन गोष्टींवर ठरते : एका हातात मावली पाहिजे आणि दुपारपर्यंत टिकली पाहिजे.

वर ‘अलुदा’ प्यायला. आपल्या फालुद्याचा भाऊ. दूध, सब्जा, अगर-अगरच्या जेलीचे तुकडे. पण सकाळी थंड दूध पोटात गेले की ताईंना शिंका येतात, त्यामुळे माझा पेला मी एकटीने संपवला आणि त्यांचाही.

माळकरी किंवा शाकाहारी बहिणींसाठी दोन शब्द. डाळपुरी आणि तिच्यावरची उसळ सहसा शाकाहारी असते, तरी विचारावे. काही गाड्यांवर शेजारीच मांसाचे नाहीतर माशाचे कालवण असते आणि डाव इकडचा तिकडे होतो. ताई सरळ बोट दाखवून सांगायच्या, “ये नहीं, ये नहीं, ये.” हिंदी सिनेमामुळे बऱ्याच जणांना हिंदी कळते. चिनी पद्धतीच्या गाड्यांवर उकडलेल्या गोळ्यांचे सार मिळते. त्यांतले काही शुशु नावाच्या भाजीचे म्हणून हिरवट, निरुपद्रवी दिसतात, पण त्यांतही बहुधा कोळंबी असते. तिकडे जाऊ नये. तिखट नको असेल तर ‘सां पिमा’ म्हणावे, थोडे हवे तर ‘तिपे पिमा’. ती हिरवी चटणी दिसते साधी. मी खेड तालुक्यातली, ठेचा खाऊन वाढलेली, तरी मला पाणी प्यावे लागले.

गाडी निवडायची रीत तर आपल्याकडचीच. जिथे गणवेशातली माणसे रांगेत उभी, तिथे आपण उभे राहावे. रोजच्या गिऱ्हाइकाला कुणी शिळे देत नाही. आठच्या आत जावे. सुटे पैसे तयार ठेवावेत. पाणी बाटलीचे. चिरून ठेवलेली फळे बघूनच घ्यावीत. मिरची-मीठ लावलेला अननस मात्र समोर सोलून देतात, तो खाल्ल्याशिवाय परत येऊ नये.

मध्येच एकादशी आली. सासूबाईंच्या भाकिताची वेळ झाली म्हणायची. पण रस्त्यावर एक म्हातारा पाटीत काहीतरी घेऊन बसला होता आणि ‘पिस्तास, पिस्तास’ ओरडत होता. ताईंना वाटले पिस्ते, आणि रस्त्यावर पिस्ते विकतात म्हणजे देश भलताच श्रीमंत! पाटीत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, गरम, वाफाळत्या. फ्रेंच भाषेतला पिस्ता तिथल्या रस्त्यावर शेंगदाणा झाला आहे. शिवाय बाजारात उकडलेली रताळी मिळाली. बाकावर बसून आम्ही दोघींनी पाऊण किलो शेंगा फस्त केल्या. ताई म्हणाल्या, आषाढीला पंढरपुरातसुद्धा इतका निवांत फराळ होत नाही.

आणि त्याच बाकावर आमच्या शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी विचारले, “तुमी मराठी?”

साठीच्या असाव्यात. सुती फ्रॉक, हातात भाजीची पिशवी, कपाळावर बारीक कुंकू. त्यांचे मराठी थोडे होते, थांबून थांबून, मध्ये क्रेओल, मध्ये हिंदी. घरात आता सगळे क्रेओल बोलतात. त्यांना मराठी आले ते आजीकडून. नातू शाळेत मराठी हा विषय शिकतो. तिकडच्या सरकारी शाळांत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी घेता येते. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि त्यांच्याकडे मोदक होतात, पुरणपोळी होते, कोकणातल्यासारखी जाखडीही नाचतात. आडनाव विचारले, तर त्यांनी एक आपल्याकडचे पहिले नाव सांगितले. कारकुनाने मजुराचे नाव विचारले, त्याने स्वतःचे सांगितले, आणि पुढे तेच सगळ्या वंशाचे आडनाव झाले. तिथे पुष्कळांचे तसेच आहे.

रविवारी त्यांनी वाक्वाला घरी बोलावले. मेट्रोने गेलो. मला वाटले, आपल्यासाठी काही मराठी पदार्थ केला असेल. टेबलावर होती कोपऱ्यावरून आणलेली डाळपुरी, लोणी लावलेले पाव, व्हॅनिलाचा चहा. रविवारी तिथे न्याहारी विकतच आणतात, घरच्या बाईला तेवढीच सुट्टी. हे मला इतके आवडले, की परत आल्यावर घरी सांगून पाहिले. अजून अंमलबजावणी झालेली नाही.

चहा झाल्यावर त्यांनी एक कागद आणला. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांच्या जुन्या वह्या ठेवल्या आहेत. तिथून वंशज आपल्या पूर्वजाच्या नोंदीची प्रत मिळवतात. हा त्यांच्या पणज्याचा. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण. बंदर मुंबई. जिल्हा रत्नागिरी, तोही ओळखावा लागेल अशा स्पेलिंगात. आणि गाव. इंग्रजाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले, वर शाईचा डाग. मला ते पाली वाचता आले. ताईंना इंग्रजी येत नाही, पण अक्षर बघून त्या म्हणाल्या, शेवटी अजून काहीतरी आहे. आणि पाली धरले तरी, कोकणात पाली काय एक आहे?

त्या बाईंनी नातवाला जवळ बसवले होते. त्याने माझ्याकडे पाहिले ते, आता ह्या भारतातून आल्यात म्हणजे सांगतीलच, अशा नजरेने. मी शिक्षिका आहे, मुलांच्या नजरा मला कळतात. कागदाचा फोटो काढून घेतला आणि शोधते म्हणून सांगितले.

परत आल्यावर जून उजाडला, शाळा सुरू झाली. माझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुले बाहेरची असतात. कुणाचे वडील नांदेडहून आलेले, कुणाचे छपऱ्याहून, कुणाचे ओडिशातून. सगळे आसपासच्या कारखान्यांत, बहुतेक ठेकेदाराकडे. आमच्या फाट्यावर सकाळी वडापावच्या शेजारी लिट्टी-चोख्याची गाडी लागते. गावात बायका बोलतात, “ह्या लोकांनी सगळा रस्ता भरून टाकला.” रस्ता भरलाय हे खरेच आहे, रोज तासभर आम्हीही त्यात अडकतो. पण रात्रपाळी करून सकाळी सातला जो बाहेर पडतो, त्याच्या घरी चूल पेटवायला कुणी नसते. चारजण एका खोलीत राहतात आणि त्या गाडीवरच त्यांची न्याहारी होते. सोळा पायऱ्या चढून गेलेल्यांत आपलीही माणसे होती, एवढे मी त्या बायकांना सांगते. काहींना पटते, काहींना नाही.

मधल्या सुट्टीत छपऱ्याकडच्या एका मुलीने डबा उघडला, तर आत घडी घातलेली डाळपुरी! मी मुलीच्या आईला शाळेत बोलावून घेतले. ती बिचारी घाबरत आली, मुलीने काही केले की काय म्हणून. मी कृती विचारली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. ती अशी.

दोन वाट्या हरभऱ्याची डाळ तीन-चार तास भिजवा. हळद आणि मीठ घालून शिजवा, पण पुरणाइतकी नको. दाणा बोटांत दाबला की मोडावा, आपणहून नाही. चाळणीवर ओतून पूर्ण निथळू द्या आणि ते पाणी टाकू नका. गार झाल्यावर भाजलेल्या जिऱ्याबरोबर कोरडीच वाटा; रव्यासारखी भुरभुरीत झाली पाहिजे. ओली राहिली तर पोळी फुटणार हे नक्की. तीन वाट्या मैदा, हवी तर त्यात वाटीभर कणीक, दोन चमचे तेल, आणि डाळीच्या त्या कोमट पाण्याने सैलसर मळा. पोळीच्या मऊपणाचे सारे गुपित त्या पाण्यात आहे. अर्धा तास झाकून ठेवा. पुरणपोळीसारखी भरून, हलक्या हाताने पातळ लाटून, तव्यावर तेलाचे बोट फिरवून भाजा. खरपूस करू नका, डाग पडले की काढा. कापडात एकावर एक रचून ठेवा.

मॉरिशसची उसळ ग्रो प्वा नावाच्या मोठ्या वालाची असते. आपल्याकडे डबल बी चालते. टोमॅटोच्या कालवणाला ते ‘रुगाय’ म्हणतात : कांदा, लसूण, आले, कढीपत्ता, टोमॅटो, दाट होईपर्यंत आटवायचे. त्यात ते थाइम नावाचा पाला घालतात. आमच्याकडे मिळत नाही, ताई ओवा चुरडून घालतात. छान लागते. सासूबाईंनी एक खाल्ली, काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्यासाठी ताट पुढे केले.

गावाचा शोध अजून चालू आहे. रत्नागिरीकडे असलेल्या माझ्या एका वर्गमैत्रिणीने तो फोटो एका निवृत्त तलाठ्यांना दाखवला. त्यांनी दोन गावे सुचवली आहेत, पण खात्रीने एकही नाही. तसे मी वाक्वाला कळवले. बाईंचे उत्तर आले, नातवाकडून देवनागरीत लिहवून घेतलेले, ऱ्हस्व-दीर्घाची अडचण सोडली तर बरेच चांगले. गाव पुढे कधी सापडेल तेव्हा सापडेल, पण त्या दोन्ही गावांत लोक सकाळी काय खातात, तेवढे कळवा, असे त्यात होते.

आम्ही देशावरच्या, आमच्या सकाळी भाकरीच्या. म्हणून आमच्या शेजारी राहणाऱ्या राजापूरकडच्या वहिनींना विचारले. त्यांनी सांगितले, मऊ भात नाहीतर पेज, आणि घावन. घावनाची कृती त्यांच्याकडूनच लिहून घेतली : तांदळाचे पीठ, पाणी ताकासारखे पातळ, मीठ, बिडाचा तवा चांगला तापलेला, कडेकडून सोडायचे, झाकण, आणि काढायची घाई करायची नाही. बरोबर ओल्या नारळाची चटणी. हे सगळे पाठवून दिले.

आठ दिवसांनी फोटो आला. ताटलीत एक जाळीदार घावन, शेजारी रुगाय, चमच्याच्या टोकावर ती हिरवी पिमा. खाली नातवाच्या अक्षरात : पहीली दोन फाटली, तिसरे निघाले.